सातवा खण

हे घडलेलं आहे. माझ्या सासरी, माझ्या डोळ्यांसमोर. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी कोणाची मनधरणी करणार नाही.

आणि आधीच सांगून ठेवते, यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही, रडणारी कुत्री नाहीत. जे झालं ते लख्ख उन्हात झालं. भर दुपारी.

साल १९८६, उन्हाळा. पोंभुर्ण्याच्या पुढे जंगलाला लागून आमचं गाव आहे. नाव सांगत नाही, कारण त्या घरात अजून माणसं राहतात आणि त्यातली एक मी आहे.

माझं नाव चंदा. माहेर बल्लारपूरचं, रेल्वे फाटकाजवळ. स्वभाव पहिल्यापासून संशयी. भाजीवाला गोड बोलला की मी आधी त्याचा तराजू बघते. माझे मिस्टर बापूराव तर म्हणायचे, "तुले पोलिसात भरती कराले पाह्यजे होतं, फुकट स्वयंपाकात घातलं." ते तेव्हा कोळशाच्या खाणीत कामाला होते. शनिवारी घरी यायचे आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत. बाकीचे दिवस घरात आम्ही तिघंच. मी, माझे सासरे सोमाजी आणि सासू बायनाबाई.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचे. ते छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. आल्या आल्या घरातले देव वैनगंगेत सोडले आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला. भूतखेत, अंगात येणं, उतारा, असलं काही त्यांच्यासमोर बोलायची कोणाची टाप नव्हती. त्यांच्या घरची ही गोष्ट मी सांगते आहे, याचं मला आजही वाईट वाटतं.

पण घडलं ते घडलं.

सुरुवात झाली ती कोठ्यापासून.

आमच्याकडे गुरं बांधायच्या जागेला कोठा म्हणतात. मालगुजाराचा, म्हणजे जुन्या जमीनदाराचा, कोठा शेजारच्या गावात होता आणि तो साधासुधा नव्हता. नुसता लाकडाचा सांगाडा पाहून माणूस तोंडात बोट घालेल. समोरासमोर दोन सागवानी खांब, त्यांच्या डोक्यावर येनाच्या लाकडाची आडवी तुळई. ही झाली एक चौकट. अशा चौकटी एकामागे एक उभ्या करून लांब तुळयांनी जोडलेल्या. दोन चौकटींमधली जागा म्हणजे एक खण. असे सात खण, आगगाडीच्या डब्यांसारखे एकाला एक लागून. कुठे एक खिळा नाही. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत जायची आणि वरून लाकडी खुंटी ठोकलेली. वर तनस, म्हणजे भाताचा पेंढा, ठेवायला माळा, त्यावर कवेलूचं, कौलांचं छप्पर. दार मात्र एकच, पहिल्या खणाला. सातव्या खणात दिवसासुद्धा नीट दिसायचं नाही.

मालगुजाराचे वारस नागपूरला जाऊन राहिले आणि त्यांनी तो कोठा विकायला काढला. मामाजींनी तो घेतला.

सगळं गाव हसलं. आमची जनावरं ती किती... दोन बैलजोड्या, एक गाय आणि दोन कालवडी.

"सोमाजीभाऊ, यवढा मोठा कोठा घेऊन त्यात काय हत्ती बांधता का?" आमच्या शेजारच्या केसरबाईने तोंडावरच विचारलं.

मामाजी काही बोलले नाहीत. एरवी ते बोलण्यात हार जाणारे नव्हते. माझ्या मनात पहिली पाल तिथे चुकचुकली.

आदल्या वर्षीच्या दिवाळीनंतर धान चुरून, मळून झालं आणि त्यांनी कोठा उतरवायला घेतला. कामाला जंगू वाढई होता. गोंड माणूस, लाकडात हात चांगला. प्रत्येक लाकडावर तो वाकसाने, म्हणजे तासणीने, खूण करायचा, म्हणजे इकडे आणून उभं करताना कोणतं कुठे ते कळावं. मी शिदोरी घेऊन रोज जायचे, त्यामुळे पाहिलंय.

एक खांब निघाला की मामाजी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगायचे. खांबाखालचा दगड उलथवायचे आणि एकटेच खाली खणत बसायचे. डावा पाय त्यांचा अधू होता, कधीतरी फाळ लागलेला. काठीशिवाय चालता येत नसे. तरी तो माणूस गुडघ्यावर बसून हाताने माती उकरायचा.

मला वाटलं, आता कळलं! मालगुजाराचं पुरलेलं घबाड. म्हणून घेतला कोठा.

शेवटच्या खणात तर त्यांनी छातीइतकं खोल खणलं. त्या दिवशी मी मुद्दाम रेंगाळले. मामाजी वर आले तेव्हा हात रिकामे होते. चेहरा मात्र असा होता की मी डबा ठेवला आणि काही न विचारता निघून आले.

आमच्या घरामागे कोठा उभा राहिला. पण सहा खणांचाच. सातव्या खणाची लाकडं बैलबंडीतून आणली, कुंपणाजवळ रचली आणि वर पळसाची पानं टाकून झाकली.

जंगू म्हणाला, "भाऊ, टोकाच्या खांबाच्या खाचा रिकाम्या राह्यल्या ना. बरं नाई दिसत."

"राहू दे."

"सगळं लाकूड तं हाय. एका दिवसाचं काम हाय."

"तो खन उभा कराचा नाई म्हनलं ना!" मामाजी ओरडले. मी त्यांना ओरडताना प्रथमच पाहिलं.

जंगूने माझ्याकडे पाहिलं आणि मी जंगूकडे.

सहाव्या खणामागे कुडाची भिंत घातली. बाहेरून पाहिलं की टोकाच्या दोन खांबांत दोन रिकाम्या खाचा दिसायच्या. पुढची तुळई येऊन बसेल म्हणून वाट बघत असल्यासारख्या.

हिवाळा बरा गेला.

मार्च लागला आणि मोह गळायला लागला...

आम्ही पहाटे मोहफुलं वेचून आणायचो आणि दिवसभर वाळत घालायचो. जागा चांगली म्हणून मी ती कोठ्याच्या मागे, त्या भिंतीपलीकडे पसरली. मोकळं मैदान. ना झाड, ना सावली. चार दिवसांत फुलं मनुकांसारखी सुकायला हवीत.

सुकली. पण सगळी नाही.

भिंतीला लागून एक तुकडा होता, तिथली फुलं ओलीच राहिली. मी वरखाली केली, पुन्हा पसरली. बाकीची खडखडीत वाळली आणि ती तशीच... ओली, गार, थोडी आंबलेली.

मी नीट पाहिलं. ओला तुकडा वेडावाकडा नव्हता. सरळ चौकोन होता. कोठ्याच्या रुंदीएवढा.

एका खणाएवढा.

माझा पहिला संशय गेला गुराख्यावर. झिंगू त्याचं नाव, दुपारी ढोरं सावलीला आणून बांधायचा. म्हटलं, हाच मेला पाणी ओततो आहे, मग वाया गेलेली फुलं आपण नेऊन दारू गाळेल. दोन दिवस पाळत ठेवली. झिंगू बिचारा घरापुढच्या आंब्याखाली तोंड उघडं टाकून झोपलेला.

आणि त्या दोन दिवसांत मी दुसरंच काहीतरी पाहिलं.

बरोबर दुपारी, सगळं सामसूम झालं की कोठ्यातली जनावरं रवंथ थांबवायची. सगळी एकदम. आणि मान वळवून त्या मागच्या भिंतीकडे बघायची. कान टवकारून. मालकाची चाहूल लागली की बघतात तशी.

मग आवाज यायचा...

सर्र... सर्र...

तनसाच्या ढिगातून कोणीतरी पेंढ्या ओढतं आहे असा आवाज. मग थोडं थांबून झटकल्याचा. आणि मग हलकेच, जीभ टाळूला लावून काढलेला, गुरांना चुचकारल्याचा आवाज.

भिंतीच्या पलीकडून.

मी धावत फेरा मारून मागे गेले. काही नाही. ऊन, माझी मोहफुलं आणि त्या दोन रिकाम्या खाचा.

खाचेत साप शिरायला नको म्हणून मी त्यांत चिंध्या कोंबल्या. चांगल्या घट्ट, काठीने ठोकून. दुसऱ्या दिवशी एकही चिंधी नव्हती. खाली पडलेली नव्हती, आजूबाजूला नव्हती. खाचेच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं नाही, चिमण्यांची काडी नाही. आतून लाकूड गुळगुळीत, रोज हात लागणाऱ्या दांड्यासारखं.

मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "उनाची फिरू नोको, पोरी."

मग अवकाळी आला. टपोरा पाऊस, बरोबर गारा. मी फुलं उचलायला धावले तोवर सगळं चिंब झालं होतं. मैदानभर पाणी वाहत होतं.

फक्त तो चौकोन कोरडा होता.

वर आकाश उघडं, आजूबाजूला धो धो पाऊस आणि मधे कोरडी माती. धूळसुद्धा भिजलेली नाही. पाणी त्या चौकोनाच्या कडेवरून पागोळ्यांसारखं रेघेत पडत होतं...



तशीच भिजलेली मामाजींकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता रागावतील. हे असलं घरात बोलायचं नाही म्हणतील.

ते रागावले नाहीत. काठी टेकवून उठले आणि खालच्या आवाजात विचारलं,

"आवाज पन येते का?"

म्हणजे यांना माहीत होतं!

त्या संध्याकाळी त्यांनी सांगितलं. आम्ही दोघी सासू-सुना ऐकत होतो. सासूबाईंना ते आधीच माहीत असावं, कारण त्या एकदाही वर बघत नव्हत्या.

"माहा एक भाऊ होता. देवराव. माह्याहून मोठा. मालगुजाराकडं सालानं होता, ढोरं त्याच्याकडंच. मी तवा लहान. त्याच्यासाठी भाकर घेऊन गेलो होतो. त्याच्याबिगर आपल्या कोनाले आत जाची मनाई, म्हून दारात बसलो. तो तनस घेऊन आत गेला. मले म्हने, बस, आलोच."

मामाजींनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"अन् आलाच नाई."

"म्हणजे?"

"म्हंजे आलाच नाई, पोरी. दार एकच. त्या दारात मी बसलो. माह्यासमोरून कोनी गेलं नाई. सांज झाली तवा मी रडाले लागलो. मालगुजाराची मानसं कंदील घेऊन आत गेली. सातव्या खनात तनस पसरलं होतं. मानूस नाई. ते म्हनले, पळून गेला कामचोर. माहा बाप इचाराले गेला तं त्याले मारलं. सारं गाव म्हने, मारून तिथीच गाडला आसन. मीबी तसंच समजलो, आतावरी."

"म्हून खनलं तुमी," मी म्हटलं. मी पण त्यांच्यासारखीच बोलायला लागले होते.

"एक हाड जरी भेटलं असतं ना, तं जीवाले शांती झाली असती. काईच नाई भेटलं. मंग मले भेव वाटला. खन उभा कराची हिंमत नाई झाली. पन तू म्हनते तसं आसन तं... तं तो मेला नाई. तो तिथीच हाय. बाहीर याले जागा नाई त्याले. मीच ठेवली नाई."

सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. "गेलेल्याले बलावू नोका जी. माह्या गळ्याची आन हाय तुमाले."

"गेला म्हून कोन म्हनते? कोनं पाह्यला?"

"इतके साल झाले..."

"माहा भाऊ हाय बायना! मी दारात बसून राह्यलो अन् त्याले घेऊन नाई आलो." हे बोलताना त्यांना रडू आवरलं नाही. साठी ओलांडलेला माणूस लहान मुलासारखा हुंदके देत होता. मला त्यांची फार दया आली. आणि खरं सांगू, तरीही माझ्या मनात येत होतं... आत जो आहे तो देवरावच कशावरून?



शनिवारी मिस्टर आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि वैतागले. "बाबा, तुमी मले लहानपनी भूत नसते म्हून शिकवलं. आता तुमीच?" पण शेवटी म्हणाले, उभा करू द्या एक खण, म्हाताऱ्याचं समाधान होईल. लाकूड पडून आहेच.

मे महिन्यात जंगू आला. बरोबर त्याच्या गावचे चार गडी. मी मुद्दाम जवळ उभी होते.

तुळई खाचेत बसवायची म्हणजे ठोकाठोकी असते. लाकूड उन्हापावसाने फुगतं, आकसतं. पहिले सहा खण उभे करताना जंगूने घण घालून घालून घाम गाळला होता. या वेळी त्याने तुळईचं टोक खाचेला नुसतं लावलं...

आणि ती आत गेली. अलगद. आतून कोणीतरी ओढून घेतल्यासारखी.

जंगूने हात मागे घेतला. त्याच्या माणसांशी गोंडीत काहीतरी बोलला. मग घाईघाईने काम उरकलं, कवेलू चढवले, मधली भिंत काढून मागे नवी घातली आणि चहासुद्धा न घेता निघून गेला. त्यानंतर आमच्या दारात तो कधी आला नाही.

दुसरा दिवस. दुपार.

मिस्टर कामावर. सासूबाई घरात, त्यांनी बाहेर यायला नकारच दिला. मामाजींनी तनसाचा भारा खांद्यावर घेतला, दुसऱ्या हातात काठी. आंघोळ करून पांढरं धोतर नेसले होते. कोठ्याच्या दारात थांबून मला म्हणाले, "चंदा, तू इथी बस. दार सोडून जाजो नोको. मी आलोच."

मला तो शब्द आवडला नाही. मी म्हटलं, "मामाजी, नका जाऊ."

ते हसले. लंगडत आत गेले. काठीचा आवाज येत होता. एक खण, दुसरा, तिसरा... पुढे अंधारात पांढरं धोतर तेवढं दिसत होतं. मग तेही दिसेना.

जनावरांनी रवंथ थांबवली.

"दादा?" आतून मामाजींचा आवाज आला.

काही नाही.

"देवरावदादा... मी सोमा..."

सर्र... सर्र...

मग कोणीतरी बोललं. मी शपथेवर सांगते, ते मामाजी नव्हते. आवाज तरुण होता. शब्द कळले नाहीत. मग मामाजी बोलले, मग तो बोलला. मग दोघं हसले. घरी आलेल्या माणसाशी हसतो तसं, मोकळं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, भेटले बाई एकदाचे.

मग सगळं शांत झालं.

खूप वेळ...

मी "मामाजी, मामाजी" करून हाका मारल्या. आत जायची हिंमत होईना आणि दार सोडून जायचं नव्हतं.

शेवटी पावलं वाजली. अंधारातून पांढरं धोतर पुढे आलं. मामाजी होते. एकटे.

ते लंगडत नव्हते.

सरळ चालत आले. हातात काठी नव्हती. दारात येऊन उन्हाकडे डोळे बारीक करून बघत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. अनोळखी बाईकडे बघावं तसं, चटकन नजर खाली घातली.

"थोडं पानी भेटन का, बाई?"

मामाजी मला चंदा म्हणायचे. फार तर पोरी. बाई कधीच नाही.

तेवढ्यात केसरबाई कुंपणाकडून जाताना ओरडली, "जयभीम, सोमाजीभाऊ! खन झाला वाट्टे उभा!"

ते दचकले. तिच्या नेसूच्या नव्या लुगड्याकडे, पायातल्या चपलांकडे पाहिलं. मग कमरेत वाकले, हात जवळजवळ जमिनीला लावला आणि म्हणाले,

"जोहार, माय. जोहार."

गोंड लोक आपसात जोहार म्हणतात, तो त्यांचा मानाचा शब्द. आमच्या लोकांच्या तोंडी तो वेगळा होता. पूर्वी मालगुजारासमोर, पाटलासमोर वाकून म्हणायचा. मामाजींनी छप्पन साली तो शब्द घरातून हद्दपार केला होता. एकदा कोणी थट्टेत म्हटला तर जेवणावरून उठून गेले होते.

केसरबाई हसली. "काय मस्करी करून राह्यले भाऊ!" आणि निघून गेली.

मला हसू आलं नाही.

ते घराकडे गेले तसा मी जीव मुठीत धरून कोठ्यात शिरले. सातव्या खणापर्यंत गेले. तनस पसरलेलं होतं. जनावरं शांत बसली होती. आणि टोकाच्या खांबाला मामाजींची काठी टेकवून ठेवलेली होती. ती काठी त्यांनी नंतर कधी मागितली नाही.

दुसरं कोणी तिथे नव्हतं. मी माळ्यावर चढून पाहिलं. भिंती चाचपून पाहिल्या.

मी परत आले तेव्हा ते बाहेरच्या खोलीत फोटोसमोर उभे होते. मागे न बघता हळूच विचारलं,

"हे साहेब कोन होत?"

मी स्वयंपाकघरात पळाले. सासूबाई चुलीजवळ बसल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. ताट वाढलं, बाहेर नेलं, त्यांच्यासमोर ठेवलं. ते जेवायला बसले. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. घास कसा घेतात, पाण्याचा गडवा कसा धरतात. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. कपाळाच्या खाली, नाकापर्यंत. आणि भिंतीकडे तोंड केलं.

आमच्याकडे बाई नवऱ्यासमोर असा पदर घेत नाही. असा पदर भासऱ्यासमोर घेतात. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याच्याशी थेट बोलायचं नाही, त्याच्यासमोर खाटेवर बसायचं नाही, त्याला तोंड दाखवायचं नाही.

त्या दिवसापासून सासूबाईंनी त्यांना तोंड दाखवलं नाही.

खाट उचलून माझ्या खोलीत आणली. काही सांगायचं असलं की मला मध्ये घालायच्या. ते समोर बसलेले असले तरी मला म्हणायच्या, "चंदा, त्याहीले इचार, भात पाह्यजे का."

आणि रोज दुपारी एक ताट वाढून कोठ्यात न्यायच्या. रिकामं घेऊन यायच्या.

मिस्टरांनी वडिलांना चंद्रपूरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, मेंदूत रक्ताची बारीक गुठळी झाली असेल, अशात माणूस जुनं आठवतो आणि नवं विसरतो. मिस्टरांना पटलं. मी विचारलं, पाय कसा बरा झाला? डॉक्टर म्हणाले, कधीकधी दुखणं मनाचंच असतं. फाळाने कापलेला पाय मनाचा कसा, ते मला काही समजलं नाही.

ते वाईट नव्हते हो. हे मला सांगायलाच हवं. राब राब राबायचे, कोणाला उलटून बोलत नसत. जनावरं तर त्यांच्या मागे मागे फिरायची. हळूहळू जयभीम म्हणायलाही शिकले. शिकले म्हणते मी, कारण मी ते शिकताना पाहिलंय. केसरबाई म्हणायची, सोमाजीभाऊ आता किती गरीब झाले. पण मी त्यांच्यासोबत घरात एकटी असले की विळा हाताशी ठेवायचे. चोर म्हणावं तर त्यांनी काही चोरलं नव्हतं. आणि कोणाचं तरी सगळंच घेऊन बसले होते.

कोठ्यात मात्र ते सहाव्या खणाच्या पुढे कधी गेले नाहीत.

१९८९ च्या हिवाळ्यात ते गेले. तापाचं निमित्त झालं. मिस्टरांनी अग्नी दिला. भंतेजींनी त्रिशरण म्हटलं. मी दूर उभी राहून विचार करत होते, आम्ही नेमकं कोणाला जाळतो आहोत...

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाया जमल्या. धम्मात असलं काही नाही, पण जुनी खोड बायांच्या हाताला असतेच. केसरबाई सासूबाईंच्या जवळ बसली, त्यांचा हात धरला आणि रडत रडत बांगड्या उतरवायला लागली.

सासूबाईंनी हात ओढून घेतला.

"काऊन?"

"बायनाबाई, मालक गेले ना तुहे..."

"भासरा गेला," सासूबाई म्हणाल्या. एकदम साध्या आवाजात. "भासरा गेला तं बांगड्या फोडते का कोनी?"

बायांना वाटलं, दुःखाने डोकं फिरलं. एकेक करून उठून गेल्या.

सासूबाई उठल्या. डोक्यावरून पदर मागे सारला. इतक्या वर्षांनी मी त्यांचा पूर्ण चेहरा भर दुपारी उघडा पाहिला. ताट वाढलं, रोजच्यासारखंच, आणि कोठ्याकडे निघाल्या. मी मागोमाग दारापर्यंत गेले.

बांगड्यांचा आवाज आत आत जात राहिला. शेवटच्या खणात थांबला.

ताट ठेवल्याचा आवाज आला. मग जमिनीवर काठी टेकल्याचा...

आणि सासूबाई बोलल्या. मला मध्ये न घालता, थेट.

"जेवून घ्या जी. आज उशीर झाला."

मी तिथूनच परत फिरले. आत कोण जेवत होतं ते पाहायची हिंमत मला तेव्हा झाली नाही. सासूबाई आता नाहीत. कोठा आहे, आणि मिस्टर विकून टाकू म्हणतात. मी दर वेळी काहीतरी निमित्त काढते. दुपारचं ताट मात्र मीच ठेवून येते, दाराच्या आत, पहिल्याच खणात, आणि मागे न बघता घरी येते.